चौकटरावांचे दोन शब्द

काही माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत. चौकटरावांचं दुखणं उलटं होतं. ते थांबलेलेच असत, सुरू होणं त्यांना जमत नसे.

चौकटराव हे नाव गल्लीने दिलेलं. रस्त्याच्या वळणावर, चष्म्याचं दुकान आणि इस्त्रीवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं फ्रेमांचं दुकान होतं. भिंतभर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, खाली लाकडी पट्ट्यांचे गठ्ठे, टेबलावर करवत, बारीक खिळे, काचेचे तुकडे, आणि कोपऱ्यात एक काळा फोन. गिऱ्हाईक आलं की ते म्हणत, "चित्र तुमचं, चौकट माझी." त्यांच्या तोंडून निघणारं हे सगळ्यांत लांब वाक्य. चित्रात काय आहे ते बघण्याच्या फंदात ते पडत नसत. एकदा कुणाच्या तरी चुलत्याचा फोटो त्यांनी उलटा बसवून दिला होता. चौकट इतकी देखणी झाली होती, की चुलत्यांचं मूळचंच काहीतरी बिनसलं असेल अशी घरच्यांनी समजूत करून घेतली आणि फोटो तसाच लावला.

स्वतःच्या घरातल्या भिंतींवर मात्र एक चौकट असेल तर शपथ. दिव्याखाली अंधार, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि चौकटराव ताटातला घास चावत राहायचे.

बायको इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर एकच काम: या माणसाची लाइन त्या माणसाला जोडून द्यायची. "नमस्कार, कोणता विभाग जोडू?" हे ती असं म्हणायची की ऐकणाऱ्याचा निम्मा आजार तिथेच उतरावा. घरी येईपर्यंत तो आवाज संपलेला असायचा. घरी ती "मीठ द्या" आणि "दिवा घालवा" एवढंच बोलायची, आणि घरातला फोन तर तिने आयुष्यात उचलला नव्हता. हलवाई घरी मिठाई खात नाही म्हणतात, त्यातली गत.

तिचा निवृत्तीचा दिवस जवळ आला. इस्पितळात एक रीत पडून गेली होती. जो निवृत्त होईल त्याच्या घरच्या माणसाने निरोपाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलायचे. एक्स-रेवाल्याच्या बायकोने बोलून सगळ्यांना रडवलं होतं. धुलाईखान्यातल्या बाईंचा नवरा तर बोलता बोलता स्वतःच रडायला लागला आणि त्याला भरती करून घ्यावं लागलं.

एका संध्याकाळी ऑपरेटरबाईंनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला दोन शब्द बोलायचेत. माझ्याबद्दल."

चौकटराव म्हणाले, "मी?"

"मग काय इस्त्रीवाल्याला सांगू? आयुष्यभर मी लोकांना लोकांशी जोडून दिलं. माझ्याबद्दल तुमच्या मनात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मला ऐकायचंय. चारचौघांत, माइकवर."

"मनात म्हणजे... आहे की."

"आहे ना? मग बोला. नाही बोललात, तर मी समजेन की काहीच नव्हतं." एवढं म्हणून तिने ताट पुन्हा ओढलं आणि जेवण संपवलं. चौकटरावांचं मात्र त्या दिवशी जेवण राहिलंच.

आता इथे वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण ती चौकटराव स्वतः सांगणार नाहीत. त्यांच्या मनात बायकोबद्दल काही नव्हतं असं मुळीच नाही. इतकं होतं, की त्यापायी त्या इस्पितळाला एक मजला वाढवावा लागला होता.

झालं होतं असं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा चौकटरावांनी यायला उशीर होईल हे सांगायला दुकानातून इस्पितळात फोन केला. तिकडून आवाज आला, "नमस्कार, कोणता विभाग जोडू?" इतका गोड, इतका शांत, जणू जगात घाई म्हणून काही नाहीच. चौकटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच बायकोला काय सांगायचं ते त्यांना आठवेना. दाढ दुखत होती म्हणून असेल, पण ते म्हणाले, "दाताचा." ती म्हणाली, "माफ करा, आमच्याकडे दातांचा विभाग नाही." त्यांनी फोन ठेवला आणि दिवसभर खिळे वाकडे ठोकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा फोन केला. ओळखू येऊ नये म्हणून पुठ्ठ्याची नळी तोंडाला लावली आणि पुन्हा दाताचा विभाग मागितला. मग रोजच. दुपारचं जेवण झालं की नळी, फोन, दात. त्या माफीतसुद्धा किती माया होती! चौकटराव ती ऐकायचे, फोन ठेवायचे आणि कामाला लागायचे. संध्याकाळी बायको घरी येऊन कावायची, "कोण मेला रोज दाताची चौकशी करतो कोण जाणे! डोकं उठवलंय." चौकटराव म्हणायचे, "असतात लोक."

शेवटी तिने मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली. मोठ्या डॉक्टरांनी तक्रारीचा अर्थ मोठ्या माणसांसारखा लावला. म्हणाले, जनतेची रोजची मागणी आहे. समिती बसली, गच्चीवर मजला चढला, दातांची खुर्ची आली, खुर्चीमागोमाग दातांचे डॉक्टर आले. पुढचा फोन गेला तेव्हा ऑपरेटरबाई आनंदाने म्हणाल्या, "जोडते हं!" आणि चौकटरावांना कळायच्या आत समोरून दातांचे डॉक्टर बोलायला लागले. नाही म्हणणं चौकटरावांना कधी जमलं नव्हतं, कारण त्यासाठीही बोलावं लागतं. त्यांचा एक चांगला दात त्यात गेला.

मग ते त्वचेवर गेले. काही वर्षांत त्वचा विभागही उघडला. तेव्हा मात्र चौकटराव शहाणे झाले. जगाच्या अंतापर्यंत कुठलंही इस्पितळ उघडणार नाही असा विभाग त्यांनी शोधून काढला. नळीतून ते म्हणाले, "पोपट विभाग."

तिकडून उत्तर आलं, "माफ करा, असा विभाग नाही आमच्याकडे. पण काय होतंय पोपटाला?"

एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच उलट प्रश्न विचारला होता. चौकटराव गडबडले. जे खरं होतं तेच तोंडातून निघून गेलं. "बोलत नाही."

"बोलेल हो," ती म्हणाली. "काही काही उशिरा बोलतात. तुम्ही त्याच्याशी बोलत राहा."

त्यानंतर रोज दुपारी पोपट. "बोलला का?" "नाही अजून." "बोलेल." आणि रोज संध्याकाळी घरी, "आज परत त्या पोपटवाल्याचा फोन! कामधंदा नाही मेल्याला." आणि चौकटराव, "असतात लोक." असा हा संसार उत्तम चालला होता, तोवर हे दोन शब्दांचं मध्येच उपटलं.

इस्त्रीवाल्याने मार्ग दाखवला. चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर मुद्देसूद मास्तरांचा भाषणाचा वर्ग होता. मास्तरांची शाळेतली नोकरी संपली होती, पण मुद्दे संपले नव्हते. ते श्वासही क्रमवार घ्यायचे. चौकटराव दारात उभे राहिले तशी आतून आवाज आला, "मुद्दा एक, चपला बाहेर. मुद्दा दोन, बसा. मुद्दा तीन, काम सांगा."

चौकटरावांनी तिसरा मुद्दा आधी घेतला आणि चपलांसकट आत जाऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "बायकोबद्दल बोलायचंय."

"क्रम चुकला," मास्तर म्हणाले. "इथेच सगळी भाषणं मरतात. परत बाहेर जा."

मास्तर शिकवायला मात्र जीव ओतून शिकवायचे. त्यांनी फळ्यावर भाषणाचे प्रकार मांडले. काळाच्या क्रमाने जाणारं, म्हणजे आधी आधीचं आणि मग नंतरचं. लहानाकडून मोठ्याकडे जाणारं. अडचण सांगून उपायावर येणारं. मग म्हणाले, "पण राजा कोण? तीन मुद्द्यांचं भाषण! आधी सांगायचं की आपण काय सांगणार आहोत. मग ते सांगायचं. मग सांगायचं की आपण काय सांगितलं. ऐकणारा पळून जाऊच शकत नाही. पळाला तरी कुठून पळाला हे त्याला कळतं!"

"आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं?" चौकटरावांनी विचारलं. मास्तर हरखले. इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.

"सांधा! 'यावरूनच साहजिक पुढचा मुद्दा उभा राहतो.' हा सांधा. 'हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल.' हाही सांधा. सांधे पक्के असले की भाषण हलत नाही."

सांधा म्हटल्यावर चौकटरावांचे डोळे चमकले. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय? पट्टीचं टोक तिरकं कापायचं, दुसऱ्या पट्टीचं तिरकं टोक त्याला भिडवायचं, कोपऱ्यातून उजेड दिसता कामा नये. भाषण ही गोष्ट आपल्याला वाटली तितकी परकी नाही, असं त्यांना वाटायला लागलं.

सुरुवात शिकवायला मास्तरांनी बरेच दिवस घेतले. नमनालाच घडाभर तेल. मग शेवट शिकवायला तितकेच दिवस. निरोपाचा दिवस तोंडावर आला तेव्हा चौकटरावांनी भीत भीत विचारलं, "आणि मधलं?"

"मधलं?" मास्तरांना प्रश्नच समजला नाही. "मधलं ज्याचं त्याने आणायचं. तुमच्या बायकोबद्दल मी काय सांगणार?"

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. चौकटरावांना उलट हायसं वाटलं. त्यांच्या धंद्यात हीच रीत होती. चौकट आपण करायची, चित्र गिऱ्हाईक आणतं. आजवर एकही गिऱ्हाईक चित्राशिवाय आलं नव्हतं. मग इथे गिऱ्हाईक कोण? जिने भाषण मागितलं ती. म्हणजे बायको. ती आणेल. हा हिशोब त्यांना इतका सरळ वाटला की त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि बायकोनेही ते पाहिलं. तिला वाटलं, काहीतरी सुचलेलं दिसतंय यांना. इतक्या वर्षांनी ती जेवताना स्वतःशीच हसली.

चौकटरावांनी दुकानातली सगळ्यांत भारी पट्टी काढली. अक्रोडी रंगाची, कडेला बारीक सोनेरी रेघ असलेली, कुणा श्रीमंत गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली. चारी पट्ट्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरात भाषण लिहिलं. वरच्या पट्टीवर सुरुवात, दोन उभ्या पट्ट्यांवर मुद्दे, खालच्या पट्टीवर शेवट, आणि सांधे बरोबर कोपऱ्यांत. मग चौकट जोडली. ती दोन्ही हातांत धरून गाडीच्या स्टिअरिंगसारखी फिरवत ते दुकानात सराव करू लागले. इस्त्रीवाल्याने ते पाहिलं आणि चष्मेवाल्याला सांगितलं की चौकटराव आता मोठी गाडी घेणार.

कार्यक्रम इस्पितळाच्या बाहेरच्या दालनात होता, जिथे एरवी रोगी नंबर लागायची वाट बघतात. बाकांवर डॉक्टर, नर्सा, धुलाईखाना, स्वयंपाकघर, आणि तीन-चार खरे रोगीसुद्धा, ज्यांना उठवायला कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्या बाकावर ऑपरेटरबाई, शेजारी त्यांची थोरली बहीण. शेवटच्या बाकावर मुद्देसूद मास्तर, शिष्याचं भाषण ऐकायला आलेले.

मोठे डॉक्टर आधी बोलले. इस्पितळ कसं वाढलं ते सांगितलं. "दातांचा विभाग आम्ही का काढला? जनतेची मागणी. त्वचा विभाग? जनतेची मागणी. आणि आज सांगायला आनंद वाटतो, की पोपट विभागाचा प्रस्तावही विचाराधीन आहे." टाळ्या पडल्या. चौकटराव खुर्चीत बारीक झाले. मग बाईंना भिंतीवरचं घड्याळ भेट देण्यात आलं, आणि सूत्रसंचालन करणारी नर्स म्हणाली, "आता बाईंचे यजमान दोन शब्द बोलतील."

चौकटराव माइकपुढे आले. चौकट तोंडासमोर धरली. लोकांना चौकटीत त्यांचा चेहरा दिसू लागला, आणि बरेच जण आदराने उठून उभे राहिले, कारण चौकटीतल्या माणसासमोर बसून राहणं बरं दिसत नाही.

"सन्माननीय डॉक्टर, आणि आपण सर्व," चौकटरावांनी वरची पट्टी वाचली, "आज मी तीन मुद्दे मांडणार आहे. पहिला महत्त्वाचा आहे. दुसरा त्याहून महत्त्वाचा आहे. आणि तिसऱ्याशिवाय पहिले दोन अपुरे आहेत." लोक खाली बसले आणि पुढे सरकून ऐकू लागले. "तर प्रथम पहिला मुद्दा."

इथे चित्र यायचं होतं. चौकटरावांनी थांबून बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडे पाहत होती. काही आलं नाही. त्यांनी चौकट फिरवली.

"पहिला मुद्दा आपण पाहिला. यावरूनच साहजिक दुसरा मुद्दा उभा राहतो. तो एका प्रसंगावरून स्पष्ट होईल." पुन्हा थांबले. स्वयंपाकघरातल्या एका जाड बाईंनी डोळ्याला पदर लावला. "प्रसंग बोलका आहे. त्यावर मी वेगळं काय बोलणार?"

"खरंय, खरंय," कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणालं.

"आता तिसरा मुद्दा." चौकट फिरली. "तो सांगितल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून समारोप करताना एवढंच म्हणेन, की मी जे म्हटलं ते पुन्हा म्हणण्याची गरज नाही. धन्यवाद."

टाळ्यांनी दालन दणाणलं. धुलाईखाना रडत होता. एका रोग्याने नंबर सोडून दिला. मोठे डॉक्टर उभे राहून म्हणाले की या इमारतीत इतकं मुद्देसूद भाषण झालेलं त्यांना आठवत नाही. मास्तर शेवटच्या बाकावर चष्मा पुसत पुटपुटत होते, "काय सांधे! काय सांधे!" बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण वासा इतका सुबक असला की घरात कोण शिरून बघतंय?

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त एका माणसाने.

"भावजी काय सुंदर बोलले गं!" थोरली बहीण नाक पुसत म्हणाली.

"काय बोलले?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"अगं... ते तीन मुद्दे."

"कोणते?"

बहिणीने विचार केला. "तीन होते एवढं नक्की," ती म्हणाली.

ऑपरेटरबाई उठल्या. कार्यक्रमाप्रमाणे आता त्यांनी उत्तर द्यायचं होतं. त्या माइकपाशी आल्या, नवऱ्याच्या हातातली चौकट घेतली, तिच्यातून आरपार त्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, पण माइक चालूच होता, "अहो, चौकट छान झालीय. चित्र कुठंय?"

"चित्र?" चौकटराव गोंधळले. "चित्र तू आणणार होतीस ना?"

दालनात हशा पिकला. लोकांना वाटलं, भाषणाचाच भाग आहे. ऑपरेटरबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की चौकटरावांना आपला निघून गेलेला दात पुन्हा दुखल्यासारखा झाला. "मी म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "नाही बोललात तर काहीच नव्हतं असं समजेन म्हणून. समजले." तिने चौकट टेबलावर ठेवली आणि ती जागेवर जायला वळली.

चौकटरावांनी वरच्या पट्टीवर काय आहे ते आठवून पाहिलं. खालच्या पट्टीवर काय आहे ते आठवून पाहिलं. या जागेसाठी कुठल्याच पट्टीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"पोपटवाला मी आहे," ते म्हणाले.

ती थांबली.

"दाताचाही मीच. त्वचेचाही. म्हणजे आधी दाताचा, मग पोपटाचा, नाही, मध्ये त्वचेचा. पुठ्ठ्याची नळी आहे दुकानात, तिच्यातून बोलायचं. पोपट नाहीये. पोपट कधीच नव्हता."

"क्रम! क्रम!" मागून मास्तर ओरडले.

मोठे डॉक्टर उभे राहिले. "म्हणजे जनतेची मागणी...?" ते म्हणाले आणि खाली बसले. दातांच्या डॉक्टरांनी चिंतेने शेजाऱ्याला विचारलं, "मग मी कशासाठी आहे?" लोकांत चुळबुळ सुरू झाली. मघाचं भाषण किती छान होतं, हे काय मध्येच पाल्हाळ लावलंय, अशी कुजबुज मागपर्यंत गेली. चौकटरावांना ती ऐकू आली. त्यांचं झालं ते नेहमीचंच. थांबले.

ऑपरेटरबाई माइककडे पाठ करून उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. पण त्यांच्या तोंडून बोर्डावरचा आवाज आला, तोच, शांत आणि गोड.

"बोला," ती म्हणाली. "लाइन चालू आहे."

आणि चौकटराव बोलले. "तू घरी दमलेली येतेस. तो आवाज इथेच संपलेला असतो. मला तो रोज पाहिजे असायचा. मला वाटायचं, ही बाई कुणालाही कुणाशीही जोडून देते. मी मागितलं असतं तर मलाही दिलं असतं जोडून. पण तुझ्याच बोर्डावर तुझाच नंबर कसा मागायचा? तो विभागच नव्हता. म्हणून दात. तुझा आवाज ऐकला की माझ्या दुपारनंतरच्या चौकटी कधी वाकड्या होत नाहीत. तू मला फार आवडतेस. हे आधी सांगायला पाहिजे होतं का शेवटी, मला माहीत नाही."

टाळी एकही पडली नाही. मास्तरांनी डोकं धरलं होतं. दातांचे डॉक्टर उठून गेले होते.

ऑपरेटरबाई वळून माइकपाशी आल्या. त्या संतापल्या होत्या. "तो मेला तुम्ही?" त्या म्हणाल्या. "जेवायला बसलं की रोज मी त्याला शिव्या घालायचे!"

"ऐकल्यात सगळ्या," चौकटराव म्हणाले.

"आणि मी काय काय लपवलं ते नाही ऐकलंत." तिने माइक घट्ट धरला. ती आता लोकांशी बोलत नव्हती. "त्याचा फोन आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं. दुपार झाली की मी सगळ्या लाइनी पटापट जोडून मोकळी व्हायचे, तो येईल म्हणून. मागे तापाने पडले होते, कामावर परत आल्या आल्या पहिलं विचारलं, पोपटवाल्याचा फोन आला होता का? बदलीची मुलगी म्हणाली, एकदाही नाही. मला वाटलं, गेला त्याचा पोपट. मी शौचालयात जाऊन रडले. आणि तो तेव्हा घरी माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला होता!" तिचा आवाज फाटला. "घरी येऊन मुद्दाम शिव्या द्यायचे. नवऱ्याला काय सांगणार, की एका परक्या माणसाच्या फोनची मी वाट बघते म्हणून? इतकी वर्षं मला तुमच्यासमोर अपराध्यासारखं वाटायचं. आणि या निवृत्तीचं मला दुःख कसलं होतं सांगू? उद्यापासून बोर्डावर दुसरीच कुणी असणार. त्या बिचाऱ्याने फोन कुठे करायचा?"

चौकटरावांनी या वेळी चौकटीकडे पाहिलं नाही.

"घरी करीन," ते म्हणाले.

माइक बंद करायला धावलेली नर्स मध्येच थांबली. थोरली बहीण आता खरोखर रडत होती. पण कशाबद्दल, हे तिला या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

"समारोप राहिला!" मास्तर मागून म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरबाईंनी सकाळीच घरातल्या फोनवरची धूळ पुसली. जेवण उरकलं, ताटं घासली, आणि फोनजवळ खुर्ची ओढून त्या बसल्या. दुपारी फोन वाजला. त्यांनी केस सारखे केले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उचलला.

"नमस्कार," त्या म्हणाल्या, "कोणता विभाग जोडू?"

तिकडे नळी नव्हती. नुसताच श्वास ऐकू येत होता, आणि मागे इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीचा आवाज. त्यांनी वाट पाहिली. घाई नव्हती.

"कसा आहे पोपट?" त्यांनी विचारलं.

"बोलतोय," तिकडून आवाज आला. त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.